चढावरची आग

१

दर गुरुवारी मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोल्याला जात असे, धाकट्या भावाला वर्तमानपत्र आणि एखाद्या पुस्तकाची काही पाने वाचून दाखवत असे, आणि दिवस मावळण्याच्या आत अमरावतीला परतत असे. माझी पत्नी लीलाबाई या प्रवासाला माझी 'ड्यूटी' म्हणे. तो शब्द बदलून घेण्याचा मी प्रयत्न केला. तिने बदलला नाही.

माझे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे सारे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शिपाई असताना, कपाटांची धूळ पुसता पुसता मिळवले. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे ते अडाण्याचे भय समजून कोणी बाजूला सारू नये, एवढ्यासाठी सांगतो.

माझा भाऊ देवमन रेल्वेत फायरमन होता. भट्टीच्या झळांनी त्याची नजर मंदावली आहे; समोरच्या माणसाचा चेहरा त्याला ओळखू येत नाही, आवाज येतो. त्याचे घर रेल्वेच्या जुन्या वस्तीलगत. ओट्यासमोर अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे लहानशी बाग, आणि बागेत चौथऱ्यावर मांडलेले वाफेचे इंजिन. ते मालगाडीचे इंजिन आहे. त्या जातीची पहिली इंजिने परदेशातून जहाजाने आली, पुढे ती आपल्याकडेच बनू लागली. हे त्या पहिल्यांपैकी. कारखान्याच्या नावाची पितळी पाटी कोणी केव्हाच काढून नेली, खिळ्यांची भोके तेवढी उरली. शेडमधले लोक त्याला 'विलायतीण' म्हणत. देवमनने तारुण्याची सारी वर्षे तिच्यावर कोळसा टाकला, आणि वाफेचा काळ संपला तेव्हा तिच्यावरून उतरलेला शेवटचा माणूसही तोच. तिच्या मागच्या बाजूला डबे जोडण्याची जाड साखळी लोंबत असे. पोरे तिचा झोका करीत. अशा डब्यांना शुद्ध मराठीत वाघिणी म्हणतात, हे मी देवमनला एकदा सांगितले होते. "म्हणत असतीन," तो म्हणाला होता. "आमाले वढा लागत होते, नाव नाई ठेवा लागत होतं."

पौष महिना होता. ओट्यावर कोवळे ऊन आले होते. मी अग्रलेख वाचत होतो.

"दादा," देवमन मध्येच म्हणाला, "धूर काळा हून राहिला. कच्चा कोळसा टाकला कोणी तरी."

"कुठला धूर?"

"तिचा. वर पाय ना."

मी वर पाहिले. चौथऱ्यावर चढवतानाच धुराड्याचे तोंड पत्र्याने बंद केलेले आहे. त्यावर एक कावळा बसला होता. वर स्वच्छ, निळे आकाश होते. ज्याला माझा चेहरा दिसत नाही त्याला रस्त्यापलीकडचा धूर दिसतो, हे मला हास्यास्पद वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखवले.

"वाच तू," तो म्हणाला. "मी ध्यान ठेवतो तिच्याकडं."

मी पानाकडे वळलो. दुसऱ्या स्तंभावर तिळाएवढा काळा कण पडला होता. कागदावरचा डाग मला सहन होत नाही. मी फुंकर मारली. कण उडाला. त्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे भोक होते आणि भोकाची कड तपकिरी होती. पाहता पाहता ती कड किंचित रुंदावली आणि विझली.

कोणाची तरी विडी, असे मी ठरवले. रस्त्यावर कोणी नव्हते.

२

देवमनची पत्नी हयात नाही. मुलगी गीतांजली एका शिकवणी वर्गाच्या कार्यालयात काम करते आणि त्याला सांभाळते. त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. चहा उतू गेला तरी तिचे लक्ष नव्हते.

"मोठेबाबा, बाबा झोपत नाईत."

"म्हातारपणी झोप कमी होते. त्याविषयी मी वाचले आहे."

"कमी नाई झाली. हायच नाई. दिवाळीपासून पाठ टेकली नाई त्यायनं. तुमी येता तवा ओट्यावर बसतात तेवढेच. बाकी उभेच. या, पाहा."

मधल्या खोलीत खाट, लोखंडी कपाट आणि त्या दोहोंच्या मध्ये माणूस उभा राहील एवढा कोपरा आहे. देवमन त्या कोपऱ्यात उभा होता. डावा पाय पुढे, कंबर वाकलेली. तो उजवीकडे वळला, खालून काही उचलले, डावीकडे भिंतीकडे वळला आणि फेकले. पुन्हा उजवीकडे वळला. हातात काही नव्हते. पण रिकाम्या हातांचा माणूस असा वळत नाही. ओझे पेलताना गुडघे जसे किंचित बसतात तसे त्याचे बसत होते.

मी दारात उभा राहिलो. आवाज नव्हता. मी आवाजाची वाट पाहत होतो, हे मला नंतर कळले.

एकच गोष्ट मला खटकली. तो भिंतीकडे वळला की त्याचा एक गाल उजळे आणि परत वळला की विझे. खोलीत एकच खिडकी आहे, आणि ती त्याच्या पाठीमागे होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गोळीनं माणूस झोपते, म्हणे. हे तर गोळी खाऊन बी उभेच. हार्ट थकलं म्हणून सांगतलं. असंच चाललं तर महिना निघणं मुश्कील हाय." तिने पदराने नाक पुसले. "हात पाहा त्यायचे. भुवया पाहा."

मी पाहिले. तळहातांवर पाण्याने भरलेले फोड होते. भुवयांची टोके करपून आखडली होती. मी मेंदूच्या विकारांविषयी जे वाचले होते ते तिला सविस्तर सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तुमी इतकी पुस्तकं वाचली, मोठेबाबा," ती म्हणाली. "एखाद्यात झोप लिवली असन तर काढून द्या."

त्या संध्याकाळी मी परतलो नाही.

३

दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर मी बागेत गेलो. कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही, हे मला पाहायचे होते.

थंडी कडक होती. बागेवर दव दाट पडले होते. इंजिनाचे धुराडे, दिवा, चाकांचे आरे, सारे ओले होते. भट्टीखालची जमीन मात्र कोरडी होती. तेथे पाच-सहा कुत्री अंगाचे वेटोळे करून झोपली होती आणि त्यांची पिले पोट वर करून पसरली होती.

माणिकबाई बागेला पाणी घालते आणि फाटकाशी हार विकते. आम्हीही मूळचे फुलमळ्याचे, त्यामुळे तिच्याशी माझी ओळख होती. मी तिला विचारले, कुत्री तेथेच का झोपतात.

"त्यायलेच ईचारा ना जी. मी का कुत्र्यायची सेक्रेटरी हाय?"

"येथे दव पडलेले नाही."

"पडतच नाई तिथं. म्या तं पापड वाळू घालणार होती, साहेबायनं मनाई केली." ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. "त्यापरीस हे पाहा. दिवाळीत झेंडू लावला तवा इंजिन त्याच्यापासून दीड हात दूर होतं. आता पाहा. माह्या झाडायवर चढून राहिलं."

खरोखरच मागची पट्टी झेंडूच्या पहिल्या ओळीवर आली होती. मी तिला समजावले, "ही काळी जमीन आहे, माणिकबाई. ती पावसाळ्यात फुगते आणि पुढे भेगाळते. तिच्यावरची घरे तडकतात. चौथरा सरकला तर नवल काय?"

"सरकला तं सरकला. पण मंग तडकला कोठी?"

मी चौथरा पाहिला. त्याला कोठेही तडा नव्हता. इंजिन हलू नये म्हणून चाके रुळांशी वितळजोड, म्हणजे वेल्डिंग, देऊन पक्की केलेली होती. ते जोड तुटले होते. तुटल्या जागी गंज नव्हता. लोखंड नव्या नाण्यासारखे चकाकत होते.

आणि साखळी लोंबत नव्हती. तिचे मोकळे टोक मागच्या दिशेला, हवेत, निम्मे उचललेले होते. कड्या गंजून एकमेकींत अडकल्या असाव्यात, असे म्हणून मी ती खाली दाबली. गंजलेली वस्तू मुर्दाड लागते. ही तशी लागली नाही. विहिरीवर मोट भरून बैल चालू लागले की तिचा जाड दोर जसा ताणला जातो आणि हाताखाली थरथरतो, तशी ती थरथरत होती.

मी हात काढून घेतला. माणिकबाई झेंडू खुडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी काई त्या बाजूनं पाणी घालत नाई आता," ती म्हणाली.

४

दुपारी देवमन थोडा वेळ खाटेच्या कडेवर टेकला. बसल्या जागी त्याचे पाय हलत होते.

"चढ हाय, दादा," तो म्हणाला.

"कसला चढ?"

"गाडी चढावर हाय. आग कमी झाली का वाफ कमी. वाफ कमी झाली का मागचं ओझं वढून नेते. खाली."

"खाली काय आहे?"

"मालगाडीवाल्यानं माल ईचारू नये अन् मागं पाहू नये. पहिल्या दिवशी शिकवलं आमाले ते."

"तू तिच्यावरून कधीच उतरलास, देवमन. तुला हार घातले. मी स्वतः तेथे होतो."

"हार घातले. फोटो काढले. साहेब म्हणे उतर, मी उतरलो." त्याने मंदावलेले डोळे माझ्याकडे वळवले. "पण बदली कोण आली, दादा?"

त्यांच्या शेडची ती रीत मला ठाऊक होती. पाळी संपली तरी फायरमन आपण होऊन उतरत नसे. बदलीचा माणूस वर चढे, बेलच्याच्या, म्हणजे कोळशाच्या फावड्याच्या, दांड्याला हात लावी आणि म्हणे, 'आग माही.' मग आधीचा फायरमन दांडा सोडी, 'आग तुही' म्हणे आणि मागे न पाहता उतरे. भट्टी एक क्षणही बिनधन्याची राहू नये, एवढाच त्यात अर्थ. शेवटच्या दिवशी पुढची पाळीच नव्हती, म्हणून बदली आली नाही.

"बेलचा कोणाच्या हाती देला मी? खाली ठेवला. इतके दिवस शिल्लक आगीवर चाललं. आता सरली ते." तो उठून कोपऱ्यात गेला. "कोणी आलं का, दादा? पाय बरं रस्त्यावर."

गीतांजलीने सूर्यभान ड्रायव्हरला फोन केला. एके काळी त्याच्याच हाताखाली देवमनने काम केले होते. तो अकोट फैल वस्तीतून ऑटोने आला; गळ्यात मफलर, तोंडात सुपारी. ओट्यावरूनच त्याने आवाज दिला, "काय बे देवमन्या, पेन्शन खाऊन बी वाळतच चालला. ठेवतं तरी कोठी?"

देवमनचा चेहरा उजळला. या वेळी तो खऱ्या हर्षाने उजळला होता.

"बदली हाय का?" त्याने विचारले.

सूर्यभान उंबरठ्यावर थांबला. त्याने आत पाहिले, कोपऱ्याकडे पाहिले आणि चघळणे बंद केले. मग तो एक एक पाऊल मागे घेत ओट्यावर आला. मी त्याच्यामागे गेलो.

"दोन शब्दांचे काम आहे, सूर्यभानजी. आजारी माणसाचे मन राखायचे. हात लावल्यासारखे करा आणि म्हणा."

"तुमी वाचणारे माणसं. तुमाले शब्द म्हणजे हवा वाटते." त्याने सुपारी थुंकली. "आमच्यात ज्यानं म्हटलं त्याले उभं राहा लागते. म्या नाई म्हणत."

"तो मरेल."

"मरन. मले दिसते ना. पण मले बी घर हाय." ऑटोत बसता बसता त्याने विचारले, "मले एक सांगा मास्तर. पौषात ते खोली इतकी गरम कावून हाय?"

मी मास्तर नाही. त्या वेळी मी त्याची चूक सुधारली नाही.

५

दिवस कलताना देवमन गुडघ्यांवर पडला. गुडघ्यांवरूनही तो वळत होता, उचलत होता, फेकत होता. त्याचे ओठ निळे झाले होते. गीतांजलीने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. तो तिच्यासकट वळला. त्या वाळलेल्या देहात एवढे बळ कोठून आले असेल याचा मी विचार करीत राहिलो, आणि विचार करीत राहणे हेच माझे एकमेव काम उरले आहे, याची मला लाज वाटली.

"बदली," तो म्हणाला. "कोणी तरी या ना बाप्पा."

"मी म्हणतो," गीतांजली ओरडली नाही, हळूच म्हणाली. "काय म्हणा लागते, मोठेबाबा? सांगा मले. मीच म्हणतो." तिने हात पुढे केला.

मी तो हात धरून तिला मागे सारले. अंधश्रद्धेची परीक्षा घ्यायचीच, तर ती विवेकी माणसाने घ्यावी, असे मी मनाशी म्हटले. तिला मागे का सारले, याचे हे कारण पुरेसे नाही. दुसरे कारण मी मनाशीही म्हटले नाही.

मी कोपऱ्यात शिरलो. तेथे उभे राहवत नव्हते. डाव्या गालावर झळ लागली. मी हात पुढे करून, स्पष्ट उच्चारांनी म्हणालो, "आग माझी."

देवमनने माझे मनगट चाचपले आणि माझा हात त्याच्या दोन्ही मुठींच्या मध्ये ठेवला. "आग तुही, दादा," तो म्हणाला. मूठ सोडताना त्याचे बोट अन् बोट दुखत असावे.

मग तो पाठमोरा उतरला. सपाट फरशीवर त्याने मागे पाय टाकून पायरी शोधली, तिच्यावर भार दिला, दुसरी शोधली, आणि मग उंचावरून जमिनीला पाय लागतो तसा त्याचा तोल सावरला. मागे न पाहता तो खाटेपर्यंत गेला, आडवा झाला, आणि गीतांजली पांघरूण घेऊन येईपर्यंत घोरू लागला.

ती पायथ्याशी बसून रडली. मी माझ्या हाताकडे पाहत होतो. मुठीत काही नव्हते. पण मूठ पुरती मिटत नव्हती. तिच्या आत एका दांड्याएवढी जागा उरली होती.

६

देवमन दोन दिवस झोपला. उठला तो भाकरी मागत. गीतांजली रोज फोन करी. "बाबा वांग्याच्या भाजीले नावं ठेवून राहिले," ती म्हणे. "म्हणजे बरे झाले."

त्याला रात्रंदिवस जी झोप लागत होती ती कोठून आली, हे मला ठाऊक होते.

अमरावतीला परतल्यावर प्रथम मला उभे राहून वाचण्याची सवय लागली. लीलाबाई म्हणाली, "उभ्यानं कावून वाचून राहिले? साहेब आला का लायब्ररीत?" मग माझा डावा गाल काळवंडला. तिने त्यावर कोरफड लावली आणि उन्हात कमी फिरा म्हणून बजावले. मग पुस्तकांच्या पानांवर कण पडू लागले. जिल्हा ओलांडून, मिटलेल्या खिडकीतून, माझ्या हातातल्या पानावर. मी फुंकर मारणे सोडून दिले. आता माझ्या कोणत्याही पुस्तकाचे पान उजेडासमोर धरले, तर ते चाळणीसारखे दिसते.

मी स्वतःशी युक्तिवाद केला. एका भावाचा भ्रम दुसऱ्याला जडू शकतो. त्याला वैद्यकात नावही आहे. ते नाव ज्या ग्रंथात वाचले तो मी कपाटातून काढला. वाचता वाचता माझा डावा पाय पुढे आला आणि कंबर वाकली. ग्रंथ खाली पडला. मी तो उचलला नाही, कारण हात मोकळे नव्हते.

माझी पुस्तकांची खोली लहान आहे. आत पुस्तके इतकी की तिचे दार बाहेर उघडेल असे बसवून घ्यावे लागले. मी त्या खोलीत राहू लागलो आणि आतून कडी लावू लागलो. लीलाबाईला सांगितले, मी लेखन करतो आहे. ती ताट दाराशी ठेवी. ताट आत घेण्यापुरता वेळ मी आगीपासून दूर होई, आणि तेवढ्या वेळात ती मंदावे.

एका गुरुवारी देवमनचाच फोन आला. "आला नाईस तू, दादा." त्याचा श्वास ऐकू येत होता. "चढ सरला का?"

"नाही."

"नाईच सरत तो," तो म्हणाला. "मले वाटलं, तुले सांगतलं हाय म्या." तो रडू लागला. सूर्यभानला पुन्हा विचारून पाहा, असे मी त्याला म्हणणार होतो. पण आग मंदावून तांबडी पडत होती. मी फोन ठेवला.

बदली मागायची म्हणजे कोणाचे तरी नाव घ्यायचे. उभ्याने मी सारी नावे आठवून पाहिली. एकही नाव तोंडातून काढण्याजोगे नव्हते.

७

आज दुपारी मी मागे पाहिले.

पोटऱ्यांत गोळे आले होते आणि हात वर जात नव्हता. आग कडेने काळवंडली. पायाखालची फरशी, जी फरशीच आहे हे मी अजूनही शपथेवर सांगेन, इंचभर मागे सरकली आणि थांबली. मी मान वळवली.

पुस्तकांचे कपाट जेथे असायला हवे तेथे उतार होता. दिवसाचा साधा, पांढरा उजेड होता. साखळी काठीसारखी ताठ होती. तिच्यापलीकडे डबे, एकामागे एक, खाली खाली जाणारे. पहिल्या डब्याचे दार हातभर उघडे होते. दाराच्या कडेवर आतून बोटे होती. पुष्कळ बोटे, एकमेकांवर दाटलेली, काही लहान. ती दार उघडत आहेत, असे मला प्रथम वाटले. मग नखे पांढरी पडली आहेत ती कोणत्या बाजूने, हे दिसले. ती दार ओढून धरत होती. ते आतून बंद करू पाहत होती.

म्हणजे भय डब्यात नव्हते. ते आणखी मागे होते.

मी पुढे वळलो. किती वेळ, कसा, किती कोळसा टाकला ते सांगू शकत नाही. फरशी पुन्हा स्थिर झाली तेव्हा दारावर थाप पडत होती.

"अवो, उघडा."

"मी वाचतो आहे," मी म्हणालो.

"वाचून नाई राहिले तुमी. मले आवाज येते."

मी थांबलो. मला स्वतःला आजवर आवाज आला नव्हता. "कसला आवाज?"

"फावड्याचा. दगडावर घासल्यावानी. शेजारची पौर्णिमा बी ईचारत होती, काका घर बांधून राहिले का म्हणून." ती थोडी हसली. मग दाराच्या अगदी जवळून म्हणाली, "गीतांजलीनं सांगतलं मले सगळं. देवमनभावजी कसे बरे झाले ते. मले आदीच कावून नाई सांगतलं? दोनच तर शब्द हायत म्हणे."

"लीलाबाई, तू आत जा."

"मी म्हणतो अन् तुमी झोपा. चेहरा पाहिला का आपला? आरशात तरी पाहा. काई होत नाई मले. मी काय उभी राहत नाई का दिवसभर चुलीपुढं?"

तिने दार ओढले. कडी जुनी, लाकूड झळांनी वाळले होते. दुसऱ्या हिसक्याला खिळे निघून आले आणि दार हातभर उघडले. मी दांडा टाकला, धावलो आणि दोन्ही हातांनी दाराची कड धरून आत ओढली. माझ्या पाठीमागे आग बसल्याचा आवाज झाला. ओल्या राखेसारखा. फरशी मागे सरकली. या वेळी ती थांबली नाही.

फटीतून मला तिचा एक डोळा दिसत होता. ती माझ्या बोटांकडे पाहत होती.

"भाजली हायत," ती म्हणाली.

"लीले," मी म्हणालो, "येऊ नोको. मांगं जाय. तुह्या पाया पडतो, मांगं जाय."

असे मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तिचा डोळा भरून आला. तिला वाटले असावे, मी अखेर हरलो आणि तिला बोलावतो आहे. तिने दार सोडले नाही. दुसरा हात उचलून तो माझ्या बोटांवर ठेवला. हात थंड होता. पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा. त्या थंडाव्याने माझ्या पापण्या खाली आल्या. मला मागे कोठे तरी खाट असल्याचे जाणवले. तिच्यावर चादर घातलेली होती.

दाराबाहेर तिने पहिला शब्द म्हटला.

मी दारावरच्या माझ्या बोटांकडे पाहत होतो. नखे पांढरी पडली होती. पण ती दार आत ओढत आहेत की बाहेर ढकलत आहेत, हे मला त्यांवरून ओळखता येईना.